चालत्या गाडीत आईनं स्टार्टचं बटण दाबलं

पैठणी_वाट

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण गेल्या रविवारी घडलं.

संभाजीनगरहून बीडला निघालो होतो. पाचोड मागं पडलं होतं, शहागडचा पूल यायचा होता. वेग ऐंशीच्या आसपास. आई पुढं बसलेली. गाडी नवीन आहे, चारच महिने झालेत, पेट्रोल, हातानं गिअर टाकायची. आईला एसीचा गारवा सोसत नव्हता. मी मागं पोराला काहीतरी म्हणत होतो, तेवढ्यात ती वाकली आणि गोल दिसलं ते बटण दाबलं. एसीचं बटण गोल, स्टार्टचं बटणही गोल. मध्ये अंतर वितभर. माझ्या गाडीत स्टार्टचं बटण स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला आहे, म्हणजे शेजारच्याच्या हाताखालीच.

टुंग असा आवाज झाला, काट्यांमधल्या छोट्या पडद्यावर काहीतरी सूचना उमटली आणि गेली. गाडी तशीच चालत राहिली. मला घाम फुटला, आईला काहीच कळलं नाही. "बंद होईना रे ह्याचा एसी," म्हणाली.

आधी वाटलं, चला, कंपनीनं विचार करून ठेवलाय. चुकून हात लागला तर इंजिन बंद पडायचं नाही. मग गेवराईत चहा पिताना उलटा विचार आला. समजा मलाच चालत्या गाडीत इंजिन बंद करायचं असतं तर? ॲक्सिलेटर अडकला, काहीही झालं, तर मीही असंच एकदा बटण दाबलं असतं आणि गाडी म्हणाली असती "टुंग". जुन्या गाडीत मला माहीत होतं, किल्ली मागं फिरवली की विषय संपला. ह्या गाडीत चार महिने झाले आणि मला हे माहीतच नव्हतं. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्येच होती, तेव्हा कुठं फाडली.

तर प्रश्न दोन. तुमच्या गाडीत हे बटण कुठं आहे आणि ते तिथं असणं बरोबर वाटतं का? आणि चालत्या गाडीत ते बंद कसं करायचं हे तुमच्या घरात किती जणांना ठाऊक आहे? शोरूमवाल्यानं गाडी देताना हार घातला, पेढे दिले, मोबाइल जोडून दिला. हे सांगितलं नाही.

मोसंबीबाग

जालन्यात गॅरेज आहे, त्यामुळं दोन शब्द.

लोक त्याला स्विच समजतात, तिथंच चुकतं. जुन्या गाडीत किल्ली फिरवली की आतले संपर्क खरोखर तुटायचे, कॉइलचा करंट जायचा, इंजिन मेलं. बटणाचं तसं नाही. बटण म्हणजे अर्ज. तो आतल्या कंट्रोल युनिटकडं जातो. ते बघतं: किल्ली आत आहे का, क्लच किंवा ब्रेक दाबलाय का, गाडीचा वेग किती. सगळं पटलं तर अर्ज मंजूर. उभ्या गाडीत एका दाबात मंजूर होतो. चालत्या गाडीत एक दाब आला तर ते समजतं की चुकून हात लागला असेल, म्हणून सोडून देतं.

खरंच बंद करायचं असेल तर बहुतेक गाड्यांत दोनपैकी एक रीत असते. एकतर बटण दाबून तसंच धरून ठेवायचं, साधारण तीन सेकंद. नाहीतर भराभर तीन वेळा दाबायचं. काही गाड्यांत दोन्ही चालतं. तुमच्या गाडीत नेमकं कोणतं ते पुस्तिकेत "आपत्कालीन" असं लिहिलेल्या पानावर असतं. माझ्याकडं येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी विचारत असतो. दहातल्या एकाला सांगता आलं तर खूप.

दुपारचा_चहा

म्हणूनच मी किल्लीवाली गाडी घेतली. टॉप मॉडेलला बटण होतं, मधलं घेतलं. किल्ली आहे, फिरवा, बंद. त्यात कॉम्प्युटरला अर्ज कशाला करायचा? माझी गाडी आणि मीच अर्जदार?

जुनी_जीप

@दुपारचा_चहा, बटण नवं आणि किल्ली जुनी असं वाटतं ना? उलटं आहे. चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये १९१२ साली आला, त्याआधी हँडल मारायचं. त्यानंतर कितीतरी वर्षं गाड्या बटणानं नाहीतर पायाखालच्या खटक्यानंच चालू व्हायच्या. किल्लीला फक्त इग्निशन चालू-बंद करायचं काम. किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करायची सोय क्रायस्लरनं १९४९ मध्ये आणली. आमच्या आजोबांच्या विलिज जीपला स्टार्टर पायानं दाबायचा होता. आम्ही पोरं तो खटका दाबायला भांडायचो. जीप गिअरमध्ये असली की ती दोन हात उडी मारायची आणि आजोबा आमच्या पाठीत एक मारायचे.

पण त्या बटणात आणि आजच्यात फरक हा की ते फक्त चालू करायचं, बंद करायला वेगळा खटका. आजच्या बटणाला दोन्ही कामं. घोळ तिथं आहे.

वसमतची_हळद

आमच्याकडं जुना ट्रॅक्टर हाय. त्याची किल्ली काढून खिशात घातली तरी इंजिन चालूच राहतंय. बंद करायचा तर स्टॉपरचा दांडा ओढायचा, तार सरळ पंपाला, डिझेल बंद, इंजिन बंद. ना टुंग ना टांग. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी मी त्याला चालवायचं शिकवत नाही, दांडा कुठं हाय ते दाखवतो. बंद करता आलं तर चालवायला घ्यायचं. तुम्ही लाखालाखाच्या गाड्या घ्यायलेत आणि बंद कसं करायचं ते चार महिन्यांनी विचारायलेत, कामून?

पैठणी_वाट

@वसमतची_हळद, खरंय, मान खाली घातली.

दुपारचा_चहा

दांडा +१. हेच म्हणतोय मी.

लोखंडी_पूल

ह्या विषयात २००९ चं अमेरिकेतलं प्रकरण माहीत असायला हवं, कारण "तीन सेकंद" ही गोष्ट तिथूनच जगाला कळली.

ऑगस्ट २००९, सॅन डिएगोजवळ. हायवे पेट्रोलचा एक अधिकारी, तेव्हा सुट्टीवर, घरच्यांना घेऊन चालला होता. गाडी लेक्सस ईएस ३५० (लेक्सस म्हणजे टोयोटाचीच), पण स्वतःची नव्हे, स्वतःची सर्व्हिसिंगला दिल्यावर डीलरनं तात्पुरती दिलेली. त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट घातलेली होती. ॲक्सिलेटरचं पेडल त्या मॅटमध्ये अडकलं. गाडी ताशी शंभर मैलांच्या वर गेली. गाडीतून पोलिसांना फोन लावला होता, ब्रेक लागत नाहीत म्हणून. चौघंही गेले. चालवणारा माणूस शिकाऊ नव्हता, रस्त्यावर गाड्या चालवणं हीच त्याची नोकरी होती.

त्या गाडीत बटण होतं आणि चालत्या गाडीत इंजिन बंद करायला ते तीन सेकंद धरून ठेवावं लागायचं. परक्या गाडीत, पेडल अडकलेलं असताना, हे कुणाला सुचणार? माणूस घाबरला की टोचतो, धरून ठेवत नाही. लिफ्टचं बटण बघा, उशीर झाला की आपण पाच वेळा टोचतो. पुढं टोयोटानं लाखो गाड्या परत बोलावल्या, पेडल आणि मॅट बदलल्या. इलेक्ट्रॉनिक्समुळं गाड्या आपोआप धावतात का ते अमेरिकी सरकारनं नासाकडून तपासून घेतलं, २०११ मध्ये अहवाल आला, तसा दोष सापडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्यानं असा प्रस्ताव मांडला की बटण अर्धा सेकंद दाबलं तरी इंजिन बंद व्हायला हवं.

आता आपला हिशोब. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तीन सेकंद बटण धरलं तर तेवढ्यात शंभर मीटर गेले. आणि हे बटण लगेच सापडलं असं धरून.

शेंद्रा_शिफ्ट

@लोखंडी_पूल, मॅटवरून एक. आपल्याकडं नवी गाडी घेतली की पहिलं काम म्हणजे ७डी मॅट. कंपनीची मॅट काढत नाहीत, तिच्यावरच ती टाकतात. वर धूळ बसू नये म्हणून अजून एक जाळीची. तीन थर! पेडल आणि मॅट यांच्यात दोन बोटं राहत नाहीत. वरून पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी. धागा वाचणाऱ्यांनी आधी खाली जाऊन तेवढं बघून या, बटणाचं मग.

मोसंबीबाग

मॅटचं अगदी बरोबर. माझ्याकडं महिन्यातून एक तरी गाडी "ॲक्सिलेटर जड झालाय" म्हणून येते आणि खाली मॅट वळलेली निघते.

पण लोक एक विसरतात. इंजिन बंद करणं हा दुसरा उपाय, पहिला नव्हे. पहिला म्हणजे इंजिन चाकांपासून तोडणं. मॅन्युअल असेल तर क्लच दाबा, झालं. इंजिन बोंबलेल, बोंबलू द्या. ऑटोमॅटिक किंवा एएमटी (गिअर आपोआप बदलणारी) असेल तर क्लच पेडलच नाही, तिथं लिव्हर एन वर, म्हणजे न्यूट्रलवर, ढकला. नव्या गाड्यांत लिव्हरऐवजी गोल खुंटी किंवा बटणं आलीत, तिथं एन थोडा वेळ धरून ठेवावं लागू शकतं, तेही पुस्तिकेत बघा.

ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीनं, आणि सोडायचा नाही. थोडा दाबला, सोडला, परत दाबला असं करू नका. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा डबा) इंजिनच्या ओढीतून निर्वात मिळतो. ॲक्सिलेटर पूर्ण उघडा असला की ती ओढ जवळजवळ नसते. बूस्टरमध्ये साठलेला असतो तो एकदोन दाबांपुरता. तो संपला की पेडल दगड. सॅन डिएगोच्या गाडीचे ब्रेक तर जळून संपले होते.

आणि इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होणार, हे आधी माहीत असलं तर माणूस दचकत नाही.

निलंगा_माहेर

तुम्ही सगळे चालत्या गाडीत बंद कशी करायची म्हणताय. माझं उलटं. माझी बंद झाली आणि चालूच होईना.

नवऱ्याला लातूर स्टेशनवर सोडलं, रात्रीची मुंबईची गाडी. तोच चालवत आला होता, उतरला, बॅग घेतली, मी इकडून तिकडं बसले आणि निघाले निलंग्याला, माहेरी. इंजिन चालूच होतं. गाडीनं टुंगटुंग केलं असणार, पण मागं दोन पोरं मोबाइलवरून भांडत होती, त्यात टुंगटुंग कुठलं ऐकू येतंय. औशाला पेट्रोल पंपावर थांबले. पोरगा म्हणाला, "ताई, गाडी बंद करा." केली. टाकी भरली. बटण दाबलं तर पडद्यावर किल्ली सापडत नाही. पर्स उलटी केली, सीटखाली बघितलं, पोरांचे खिसे बघितले. मग आठवलं, किल्ली साहेबांच्या पँटच्या खिशात आणि साहेब रेल्वेत वरच्या बर्थवर.

मागं दोन गाड्या हॉर्न देतायत. पंपावरच्या पोरांनी न्यूट्रलमध्ये ढकलली, पण स्टिअरिंग लॉक झालेलं, त्यामुळं जेवढी सरळ गेली तेवढी गेली, हवा भरायच्या मशीनपाशी जाऊन उभी. नवरा धाराशिवला उतरला, टॅक्सी करून औशाला आला रात्री दोनला. तिकीट गेलं, टॅक्सीचे पैसे गेले, वर मलाच म्हणतो तू बंद कशाला केलीस! पंपावर चालू ठेवू का?

दुसरी किल्ली लातूरच्या घरी कपाटात. घराची चावीही त्याच जुडग्यात.

दुपारचा_चहा

😂 किल्लीवाल्या गाडीत हे होऊच शकत नाही, एवढंच नोंदवतो.

जुनी_जीप

@निलंगा_माहेर, धाराशिवला उतरलेल्या साहेबांची बाजूही ऐकायला आवडेल.

आता @दुपारचा_चहा, किल्लीचंही ऐका. २०१४ मध्ये जनरल मोटर्सला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या त्या बटणामुळं नाही, किल्लीमुळं. किल्लीच्या कुलपातला खटका सैल होता. जुडगं जड असलं, खड्ड्यात गाडी आपटली किंवा गुडघा लागला, तर किल्ली आपोआप मागं फिरायची. चालत्या गाडीत इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि वर एअरबॅगही बंद. कंपनीच्या भरपाई निधीनं १२४ मृत्यू त्या दोषाच्या खात्यात मान्य केले. आपल्याकडं एका जुडग्यात घराची, तिजोरीची, शेतातल्या मोटारीच्या पेटीची, वर खंडोबाचा टाक आणि बाटली उघडायचं लोखंड असतं. आणि घाबरून किल्ली पार शेवटपर्यंत फिरवून उपसली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, तेही चालत्या गाडीत. बटणाच्या गाडीत निदान ते होत नाही.

दुपारचा_चहा

खंडोबाचा टाक काढणार नाही. बाटलीचं लोखंड काढतो.

डॉ_कंदील

नांदेडहून. बटणाच्या गाडीचा आमच्या कामाशी येणारा भाग थोडक्यात.

बटणामुळं किल्ली "काढणं" ही क्रियाच संपली. पूर्वी किल्ली हातात आली म्हणजे इंजिन बंद, हाताला ते कळायचं. आता रिमोट खिशातच असतो, माणूस उतरून घरात जातो आणि इंजिन चालू राहू शकतं. घराला जोडलेल्या बंद गॅरेजमध्ये असं झालं की कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. ना वास, ना रंग. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१८ मध्ये अमेरिकेतली अशी प्रकरणं मोजली तेव्हा २००६ पासूनचे किमान २८ मृत्यू निघाले, त्यात म्हातारी माणसं बरीच. आपल्याकडं गॅरेज उघडं असतं म्हणून निश्चिंत राहू नका. खाली शटरचा गाळा, त्यात गाडी, वर झोपायची खोली, अशी घरं गल्लोगल्ली बांधलीत. हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी) गाडी असेल तर जास्त जपा. उतरताना इंजिन शांत असतं, पण गाडी चालूच असते. बॅटरी उतरली की इंजिन आपलं आपण सुरू होतं, रात्री तीनला सुद्धा.

दुसरं, उन्हाळा. पोराला एसी लावून गाडीत बसवतात आणि "दोन मिनिटांत आलो" म्हणून दुकानात जातात. रिमोट खिशात, गाडी चालू. उभ्या गाडीत पोरानं बटण एकदा दाबलं की इंजिन बंद, एसी बंद. मे महिन्यात नांदेडला बंद गाडी किती लवकर तापते ते सांगायला नको. पोरांना सोबत घेऊन उतरा. एवढंच.

कलम_१२६

नावच माझं ते असल्यामुळं बोलणं भाग आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६: सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी करायची तर ड्रायव्हरच्या सीटवर लायसनवाला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. म्हणजे डॉक्टर म्हणतात ते "एसी लावून दोन मिनिटं" कायद्यातही बसत नाही.

आणि निलंगा_माहेर ताई, गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक हरवली असेल तर आजच नोंद करून ठेवा, दावा करताना "कपाटात होती बहुतेक" चालत नाही.

वसमतची_हळद

माझ्या भावाच्या गाडीची किल्ली औंढा नागनाथला मेली. दर्शन घेऊन आलो, दार उघडंना. नारळाच्या दुकानातलं पोरगं म्हणालं, रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असतीय, खटका दाबून काढा. काढली, दार उघडलं. आत बसलो तर गाडी चालू होईना, किल्ली नाही म्हणतीय. मग तेच पोरगं आत डोकावून म्हणतंय, "बोटानं नका दाबू, रिमोटनंच बटण दाबा." दाबलं. चालू! त्याला शंभर रुपये द्यायलो तर घेईना, म्हणलं पाच नारळ दे मग. हे कसं काय होतंय, मोसंबीबाग?

मोसंबीबाग

पोरगं हुशार निघालं. रिमोटमधला सेल (सीआर२०३२, आडव्या नाण्यासारखा) संपला तरी आत एक छोटी चिप असते, तिला सेल लागत नाही. तिच्या अगदी जवळ गाडीची तारेची वेटोळी आणली की ती वेटोळीच्याच लहरींवर जागी होते आणि आपला नंबर सांगते. बऱ्याच गाड्यांत ती वेटोळी बटणाच्या मागंच असते, म्हणून रिमोट बटणाला टेकवायचा. काहींत ती दुसरीकडं असते, कपहोल्डरखाली किंवा स्टिअरिंगच्या दांड्यापाशी, तिथं ठेवायचा.

सेल स्वस्तात मिळतो. वर्षा-दोन वर्षांनी दिवाळीत बदलून टाका.

शेंद्रा_शिफ्ट

आता मूळ प्रश्नाकडं, बटण कुठं हवं. मी वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्यांच्या, कामात आहे. डिझाइन आम्ही करत नाही, पण नकाशे हाताखालून जातात, त्यामुळं जागांची भांडणं माहीत आहेत.

बटण उजवीकडं, दाराच्या बाजूला ठेवलं तर शेजारच्याचा हात पोचत नाही, पोरांचा पोचत नाही. पैठणी_वाटच्या आईसारखा प्रकार होणार नाही. पण ड्रायव्हरला चक्कर आली, त्याची मान पडली, तर शेजारी बसलेली बायको काय करणार? तिला ड्रायव्हरच्या अंगावरून हात घालावा लागणार. डावीकडं किंवा मध्ये ठेवलं तर ती बंद करू शकते, पण मग चुकीचा हातही लागतो. दोन्ही एकदम मिळत नाही. मला विचाराल तर मध्येच हवं, डावीकडं. चुकीचा दाब अडवायला कॉम्प्युटर आहे, चक्कर आलेल्या ड्रायव्हरला उठवायला नाही.

आणखी एक खोडी: काही गाड्यांत बटण स्टिअरिंगच्या आणि वायपरच्या दांडीच्या आड असतं. चाक सरळ असलं तर दिसतं, वळवलं की आडवा दांडा समोर येतो. माझ्या मेहुण्याच्या गाडीत असंच आहे, तो बोटानं चाचपडून दाबतो. नेमकं गरजेच्या वेळी चाक वळलेलं असणार.

किल्लीच्या काळातही जागेचा विचार करणारे होते. स्वीडनच्या साब कंपनीनं १९६८ च्या ९९ मॉडेलपासून किल्ली दोन सीटच्या मध्ये, गिअरपाशी ठेवली. समोरून धडक बसली की गुडघा पुढं जातो आणि स्टिअरिंगखालच्या किल्लीवर आपटतो, वाटी फुटते, म्हणून. लोक हसायचे, गाडीत बसून किल्लीचं भोक शोधायचे. पण कारण पक्कं होतं.

लोखंडी_पूल

@शेंद्रा_शिफ्ट, मध्ये ठेवायला माझा विरोध. बायकोला बंद करता येईल म्हणता, पण तीन सेकंद धरायचं हे तिला सांगितलंय कुणी? नाही सांगितलं तर बटण तिच्या मांडीवर ठेवलं तरी उपयोग नाही.

निलंगा_माहेर

आणि "बायकोला" कशाला? आमच्याकडं चालवते मी आणि झोपतो तो. 😄

लोखंडी_पूल

चूक मान्य. शेजारच्याला.

पैठणी_वाट

मंडळी, करून बघितलं. सविस्तर लिहितो.

ऑरिकच्या (शेंद्र्याकडची औद्योगिक वसाहत) बाजूला रविवारी सकाळी सहाला मोकळा प्लॉट गाठला, रस्त्यावर नाही. (कुणीही रस्त्यावर करू नका, आणि एकट्यानं तर नकोच.) सोबत मेहुणा. मॅटचे दोन थर आधी काढले, @शेंद्रा_शिफ्ट, तुमच्या धाकानं. खालून पोराचा एक कंचा आणि मूठभर चिवडा निघाला.

वेग वीस-पंचवीस. क्लच दाबला, बटण एकदा दाबलं, टुंग. परत एकदा. टुंग. भराभर तीनदा दाबायला गेलो तर पहिल्या वेळी माझाच ताल चुकला, काही झालं नाही. दुसऱ्या वेळी झालं. मग धरून ठेवायचं केलं. मनात एक-दोन-तीन म्हणालो. इंजिन मेलं. तीन सेकंद किती लांब असतात हे बोट बटणावर असल्याशिवाय कळत नाही. दोनवरच हात काढावासा वाटतो, वाटतं की बटण बिघडलंय.

इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग असं झालं की जुन्या ॲम्बॅसडरची आठवण आली. वळतं, पण खांद्यापासून जोर लावावा लागतो. ब्रेक: पहिला दाब नेहमीसारखा, दुसरा थोडा कडक, तिसऱ्याला पाय पेडलवर उभाच राहिला. मोसंबीबागनी लिहिलं होतं ते शब्दशः.

मग जागा बदलली. मेहुणा चालवणार, मी शेजारी. मी बंद करायची. बटण डावीकडं असूनही पट्टा लावून बसलेलं असताना हात जेमतेम पोचतो, आणि तीन सेकंद धरताना अंग वाकवूनच ठेवावं लागतं. माझी उंची पाच-आठ. आई पाच फुटांची आहे. त्या दिवशी ती एवढी वाकली होती आणि मला दिसलं नाही, ह्याचंच आता जास्त वाटतं.

मग घरी येऊन बायकोला, आईला, सासऱ्यांना दारात गाडी उभी करून दाखवलं. सासरे म्हणाले, "एवढं करण्यापेक्षा किल्ली का नाही ठेवत?" त्यांना दुपारचा_चहा यांचा आयडी देऊ का?

दुपारचा_चहा

द्या. चहा माझ्याकडून.

मोसंबीबाग

@पैठणी_वाट, छान केलंत. एक राहिलं: गाडी घसरत असतानाच परत चालू कशी होते तेही पुस्तिकेत बघून ठेवा. बऱ्याच गाड्यांत न्यूट्रलमध्ये टाकून बटण एकदा दाबलं की होते. आणि ऑटोमॅटिकवाल्यांनी थांबल्यावर पी (पार्क) मध्ये टाकल्याशिवाय बटण दाबू नये. काही गाड्या पूर्ण बंद होत नाहीत, ॲक्सेसरीवर राहतात, सकाळी बॅटरी झोपलेली. गेल्या आठवड्यात अशा दोन आल्या.

वसमतची_हळद

आणि आईचं काय केलं? परत पुढं बसली का?

पैठणी_वाट

बसली. पण तिनं स्वतःच तोड काढलीय. एसीच्या बटणावर आपली लाल टिकली चिकटवली. म्हणाली, "टिकली असंल ते माझं, बाकीच्याला मी हात लावत नाही."

चार दिवस बरं चाललं. काल गाडी दुपारभर उन्हात होती. उन्हानं गोंद सुटलाय आणि टिकली घसरत घसरत स्टार्टच्या बटणाकडं निघालीय.